वाळू एका काचेवरची, आभाळ दुसरीवरचे

संगणकासमोर बसून आजचा चित्रकार वाळवंटाचे कोलाज रचतो, तेव्हा थरच्या मरुभूमीतील एखादे टेकाड, इजिप्तमधील भग्न स्तंभ, कोठला तरी उंटांचा तांडा आणि भलत्याच ऋतूतील मेघमाला अशी परस्परांशी सुतराम संबंध नसलेली सामग्री तो एकाच क्षितिजावर आणून बसवतो; आणि हे सारे घटकाभरात साधत असल्यामुळे ही कला संगणकाबरोबरच जन्मास आली असावी, असा आपला सहज समज होतो. वस्तुतः १८३९ साली छायाचित्रणाची वार्ता जगाला कळली, त्यानंतर दोन दशके लोटण्याच्या आतच निरनिराळ्या ठिकाणच्या तसबिरी बेमालूम सांधण्याचे कसब युरोपात सिद्ध झालेले होते. आणि ज्या अडचणीतून ते उपजले, ती वाळवंटाइतकी तीव्रतेने क्वचितच कोठे जाणवत असेल.

फ्रान्सिस फ्रिथ हा इंग्रज छायाचित्रकार १८५६ ते १८६० या काळात तीनदा इजिप्तच्या व त्यालगतच्या मुलखात जाऊन आला. त्या वेळच्या पद्धतीनुसार काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती काच रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात चढवावयाची आणि वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन तिच्यावरील चित्र प्रकट करावयाचे, असा सारा खटाटोप असे. फ्रिथच्या सर्वांत मोठ्या काचा २० इंच लांब आणि १६ इंच रुंद होत्या. नाईलच्या दुसऱ्या धबधब्यापाशी तंबूतील उष्णता ११० अंश फॅरनहाइटवर गेली, तेव्हा ओतलेले कोलोडियन काचेवरच उकळू लागले, असे त्याने स्वतः नमूद करून ठेवले आहे. अंधारखोली म्हणून शिडाच्या पांढऱ्या कापडाने झाकलेला एक गाडा तो बरोबर बाळगी. त्या गाड्यात साहेबाचा जनानखाना असला पाहिजे, असा तेथील रयतेचा तर्क होता.

इतक्या सायासांनी मिळविलेल्या चित्रातही आकाश बहुधा कोरे राही. कोलोडियनवर निळ्या प्रकाशाचा परिणाम तत्काळ होई, पिवळ्या-तांबड्याचा मात्र जवळजवळ होतच नसे. त्यामुळे पिवळ्या वाळूवरील लहरी उमटेपर्यंत काच उघडी ठेवावी, तर निळे आकाश पांढरेफटक पडावे, आणि ढग टिपण्यासाठी ती लवकर झाकावी, तर जमीन काळीठिक्कर व्हावी, असा पेच होता. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास आपल्या सागरचित्रांत तो सोडविला. समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसरीवरून अशी एकाच कागदावर दोन्ही छापून त्याने सांधा नेमका क्षितिजरेषेवर आणला, जेथे निसर्गतःच सांधा असतो. एवढेच नव्हे, तर मनाजोगते एखादे मेघाकाश त्याने एकाहून अधिक सागरांवर पसरले. १८६० साली फ्रान्स सोडून गेलेला हा कलावंत पुढे कैरोत स्थायिक झाला, तेथे चित्रकला शिकवून त्याने चरितार्थ चालविला आणि १८८४ साली वाळवंटाच्या त्या वेशीवरच देह ठेवला.

१८५७ साली ऑस्कर रेलँडर याने सुमारे ३० निगेटिव्हांतून जीवनाच्या दोन मार्गांचे एक भव्य रूपकचित्र सिद्ध केले. एक आकृती छापताना बाकीचा कागद झाकावा, मग ती झाकून दुसरी छापावी, याप्रमाणे आठवडेच्या आठवडे चाललेले ते काम मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि त्याची एक प्रत खुद्द व्हिक्टोरिया राणीने खरेदी केली. पुढच्याच वर्षी लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे रेलँडरने आपल्या कृतीचा साद्यंत खुलासा केला. कोठे काय जोडले आहे, हे सांगण्यात आपल्या कलेची मानहानी होते असे त्याला वाटले नाही, ही गोष्ट मला त्या चित्राहूनही मोलाची वाटते.

आकाशामागून रंग आला. झुरिचच्या ओरेल फ्यूस्ली या छापखान्यात १८८० नंतरच्या दशकात जी फोटोक्रोम पद्धत निघाली, तिच्यात कृष्णधवल निगेटिव्हवरून प्रत्येक रंगछटेसाठी स्वतंत्र शिळा तयार करीत, आणि अशा अनेक शिळांचे ठसे तंतोतंत एकावर एक उमटवून पिरॅमिडांची केशरी संध्याकाळ उभी करीत. तो केशरी रंग आल्प्सच्या छायेत बसलेल्या कारागिरांनी चढविलेला असे. १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातही रंगांगणिक वेगळी शिळा लागे, आणि त्या छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रांची जोडकला पुढे रुपेरी पडद्यावर नेली. आज संगणकावर ज्यांना लेयर म्हणतात, त्या थरांची शिस्त या शिळांनी आधीच घालून दिली होती.

संगणकीय जोडकामाचा पहिला गाजलेला वादही वाळवंटातच उद्भवला. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी गॉर्डन गेहन यांनी घेतलेले गिझाच्या पिरॅमिडांचे छायाचित्र निवडले. परंतु चित्र आडवे आणि मुखपृष्ठ उभे, म्हणून स्कायटेक्स यंत्रावर दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यात आले. छायाचित्रकार काही फूट बाजूस सरकला असता तर असेच दिसले असते, असे समर्थन संपादकांनी केले. ते वाचकांना पटले नाही, आणि मासिकाच्या उत्तरकालीन संपादकांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली. वास्तविक रेलँडरच्या मानाने हा बदल किती अल्प! परंतु त्याचे चित्र कल्पना म्हणून लोकांपुढे आले होते आणि हे दस्तऐवज म्हणून. दस्तऐवजात खाडाखोड झाल्यावर ती किती अक्षरांची होती, हा प्रश्न गौण ठरतो.

थॉमस व जॉन नोल या बंधूंचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला लेयरची जोड मिळाली, तेव्हा मोठ्या छापखान्यांची ही मक्तेदारी घरोघर पोहोचली. तरीही वाळवंट कारागिराची परीक्षा घेतेच. तेथे सूर्य एकच आणि आडोसा काहीच नाही. म्हणून स्तंभाची छाया पूर्वेस आणि उंटाची उत्तरेस पडली, की लबाडी तत्क्षणी उघडी पडते. सावली वाळूच्या लहरींवरून जाताना प्रत्येक उंचवट्यावर किंचित वळली पाहिजे, दूरचे टेकाड धुळीने फिकटले पाहिजे आणि वस्तूच्या पायथ्याशी वाळूचा पिवळा प्रकाश परतून आला पाहिजे. हे ज्ञान कोणतेही यंत्र आयते देत नाही, त्यासाठी उन्हाकडे डोळसपणे पाहावेच लागते.

म्हणून वाळवंटाचे कोलाज करणाऱ्या तरुणाने स्वतःस उपरा समजू नये. ल ग्रेचे आकाश, रेलँडरची चिकाटी आणि झुरिचच्या शिळा ही त्याची वडिलोपार्जित मिळकत आहे. या मिळकतीबरोबर एक जबाबदारीही येते, आणि ती रेलँडरने १८५८ सालीच पार पाडून दाखविली आहे: सांधा डोळ्यांना दिसू नये इतके कसब कमवावे, आणि तो कोठे आहे हे विचारणाऱ्याला निःसंकोच सांगावे.