पीरभॉयांची गाडी

मुंबईहून सकाळची कर्जत लोकल धरायची, नेरळला उतरायचे, बाजूच्या छोट्या फलाटावरून माथेरानची गाडी पकडायची आणि दिवेलागणीला पुन्हा खाली यायचे. एका दिवसाची ही सहल मुंबईकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. पण ही गाडी एका मुसलमान बाप-लेकाने स्वतःच्या पैशाने उभी केली, हे त्या डब्यांत बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

माथेरान इंग्रजांच्या नजरेत आले ते १८५० साली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून गेला आणि पुढे मुंबईच्या साहेबलोकांचे, शेटसावकारांचे बंगले तिथे उठू लागले. १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे रेल्वे आली, नेरळपर्यंतचा प्रवास सोपा झाला. वरची वाट मात्र घोड्याची, पालखीची किंवा पायांची. म्हणजे ऐपतवाल्याने दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर बसून हवा खायला जायचे.

सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा व्यापारी. लष्कराला तंबू पुरवण्यापासून गिरणी-कातड्यापर्यंत त्यांचा व्यवसाय पसरला होता. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. एकदा माथेरानला जाताना त्यांना वाहन मिळाले नाही, तेव्हाच त्यांनी गाडीचा निश्चय केला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, पैसा खरा होता. सोळा लाख रुपये, त्या काळचे! मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतले. १९०४ मध्ये सुरुवात झाली आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावली.

काम सोपे नव्हते. दोन फुटांचा रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरचा मार्ग आणि काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट चढ. मोठ्या बोगद्यांऐवजी रूळच डोंगराच्या अंगाने वळवत नेले. अशा वळणांवर साधे इंजिन अडकले असते, म्हणून चाके बाजूला सरकू शकतील अशी खास इंजिने जर्मनीहून आणवली. १९८० च्या दशकापर्यंत वाफेची इंजिने इथे राबली. ज्यांनी तो कातळ फोडला त्या मजुरांची नावे मात्र आदमजींच्या नावाइतकीही उरली नाहीत.

१९०७ हे वर्ष या घराण्याचे म्हणावे लागेल. त्याच वर्षी आदमजींना 'सर' हा किताब मिळाला आणि डिसेंबरात कराचीच्या मुस्लिम लीग अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. आज कोणी त्यांचे नाव काढलेच तर या अध्यक्षपदासाठी काढतो. गाडी राहून जाते.

आपणही यात कमी नाही. मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्या जिभेवर ताजमहाल येतो, विजापूरचा घुमट येतो, बादशहा आणि त्यांच्या लढाया येतात. गुजराती बोलणारा एक बोहरा शेट आपल्या कोकणी-दखनी घरांत परकाच राहिला. त्यांचा जमातखाना वेगळा, आपली मशीद वेगळी, मग त्याचा अभिमान कशाला, असा हा हिशेब! पण बादशहाच्या इमारतीपेक्षा व्यापाऱ्याने घातलेला हा रूळ मला जास्त जवळचा वाटतो. त्यावरून कोणीही तिकीट काढून जाऊ शकतो.

२६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग जागोजागी वाहून गेला; २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, तो पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा नुकसान झाले आणि नेरळहून थेट गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

वर गावात मोटारींना बंदी आहे. त्यामुळे गाडी आल्यावरही माणसाने माणसाला ओढणे तिथे सुटले नाही. पालख्या गेल्या, हातरिक्षा राहिल्या. त्या सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, पीरभॉयांची गाडी वर पोचल्यानंतर एकशे अठरा वर्षांनी.