ड्रॉइंगच्या तासाला कुणाचा इतिहास शिकवायचा?



चित्रकला हा बिनमहत्त्वाचा विषय आहे असे मानणाऱ्यांत आपली चळवळही मागे नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, फ्रीशिप यांवर आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण ड्रॉइंगच्या मास्तराला काय शिकवून शाळेत पाठवतात, यावर आपल्या एखाद्या शिबिरात चर्चा झालेली आम्हाला तरी आठवत नाही. शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर काम करताना आम्ही हे रोज पाहतो, की गणितात आणि इंग्रजीत मागे पडलेले पोर वर्गात पहिल्यांदा ताठ बसते ते ड्रॉइंगच्या तासाला. त्याच तासाला त्याला नकळत हेही शिकवले जाते की कला मुंबईत, पॅरिसला किंवा राजवाड्यात जन्मते आणि आपल्या वस्तीत जे बनते ते फार तर 'हस्तकला' असते. हा भेद शिक्षकाने स्वतः शोधून काढलेला नाही. तो त्याच्या प्रशिक्षणात आहे, आणि त्या प्रशिक्षणाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८५७ साली जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच आजची सर ज. जी. कलाशाळा. कारागिरांचे हात सुधारावेत हा तिचा सुरुवातीचा हेतू. १८६५ साली लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले, सजावटीच्या आणि घडकामाच्या कार्यशाळा निघाल्या. मात्र शिकवण्याची रीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची होती. आधी सरळ रेषा, मग वर्तुळ, मग नक्षी, मग ठोकळा, आणि सगळे नमुना समोर ठेवून. १८७९ साली रेखांकन हा विषय म्हणून आला आणि १८९३ साली ड्रॉइंग शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम निघाला. आज आपली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे जे पेपर देतात, त्यात त्या जुन्या रीतीचा सांगाडा स्पष्ट दिसतो. ए.टी.डी. झालेला शिक्षक तोच सांगाडा हातात घेऊन शाळेत उतरतो. रेषा पक्की होते हे खरे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की रेषा कुणाची, हे विचारायला त्याला कधी शिकवले गेले नाही.

याच काळात पुण्यात दुसरा माणूस शिक्षकांच्या प्रशिक्षणावर बोलत होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सांगितले, की गावातला शिक्षक शेतकरी वर्गातला हवा. मुलांत मिसळणारा, त्यांच्या गरजा समजणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा तासणीचा वाकस धरायला न लाजणारा. हे वाक्य आपण सहसा शेतीशिक्षणाच्या संदर्भात वाचतो. आम्हाला ते कलाशिक्षणाचे वाक्य वाटते. वाकस धरायला लाजणारा माणूस सुताराच्या पोराला लाकडाचे सौंदर्य काय शिकवणार? मुंबईच्या कलाशाळेला कारागिराचा हात हवा होता. जोतिरावांना त्या हातामागचा माणूस शिक्षकाच्या खुर्चीत बसलेला हवा होता. सरकारने पहिले थोडेफार केले, दुसरे राहून गेले.

आता आपल्या तालुक्याकडे या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, म्हणजे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी, तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे शेतकऱ्यांची वसती होती. सव्वाशेहून अधिक घरे उघडी पडली. चाकावर घडवलेली, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेली जोर्वे पद्धतीची भांडी निघाली. तोटीचे भांडे आणि पोटाला धार असलेला वाडगा ही त्यांची ओळख. लहान मुलांना घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेले आढळले. एका घरात कच्च्या मातीची छोटी पेटी मिळाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती, पेटीवर बिनमुंडक्याची दुसरी स्त्रीमूर्ती आणि जोडीला मातीचा बैल. मूर्ती बैलाच्या पाठीवर काडीने बसवता येईल अशी सोय केलेली.

यातली एक गोष्ट आपल्या तरुणांनी नीट ऐकावी. ढवळीकरांच्या मांडणीनुसार खात्यापित्या शेतकऱ्यांची घरे वसतीच्या मध्यभागी होती, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा यांची घरे पश्चिमेच्या कडेला. वाचताच गावकुसाची आठवण येते. पण लगेच तीन हजार वर्षांपूर्वी जात होती असे म्हणू नका. भट्टीचा धूर आणि आगीची भीती हेही कारण असू शकते. ढवळीकरांच्याच म्हणण्याप्रमाणे एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार होते, म्हणजे वर-खाली होतेच. पुरावा जिथे थांबतो तिथे थांबायचे ही बाबासाहेबांची शिस्त आहे. १९४६ साली शूद्रांच्या उगमावर लिहिताना त्यांनी आर्य वंशाचा सिद्धान्त पुराव्यानिशी नाकारला. म्हणून 'मूलनिवासी' दृष्टी म्हणताना आम्ही रक्ताचा दावा करत नाही. या मातीत ज्यांनी हात घातला त्यांचा इतिहास, एवढाच अर्थ आम्हाला त्यातून अभिप्रेत आहे.

शिरूरच्या कलाशिक्षकाला संकल्पचित्राचा पहिला धडा द्यायला ग्रीक फुलदाणी कशाला हवी? जोर्वे वाडग्यावरच्या तिरप्या रेषा पुरेत. तांबड्यावर काळे का उठून दिसते, गोल पोटावर पट्टा कुठे थांबवायचा, दुष्काळ वाढला तसे शेवटच्या शतकांत घर गोल झोपडीसारखे आणि भांडे ओबडधोबड का झाले, एवढे एका मडक्यातून निघते. शेवटचा प्रश्न तर थेट आजचा आहे, दौंडच्या जिरायत पट्ट्यातल्या पोराला तो समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यात कार्ले आहे. तिथल्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केल्याचा लेख कोरलेला आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणींची दाने नोंदवली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तथागताच्या संघाने सुताराचे नाव दगडावर येऊ दिले. आजच्या चित्रकलेच्या पुस्तकात लोककलेच्या पानावर कलावंताचे नाव शोधा, बहुतेक वेळा जमातीचे नाव सापडते, माणसाचे नाही. अजिंठ्याचेही तेच झाले. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यानंतर अजिंठा शाळेत पोचला तो 'भारतीय नक्षी' म्हणून, बुद्ध त्यातून गळाला.

वारलीचे पाहा. आज कुठल्याही शाळेच्या भिंतीवर वारली असते, इंटरमिजिएटच्या बॉर्डरलाही असते. मूळ चौक लग्नात काढला जाई, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर. काढणाऱ्या सवाशिणी, गाणारी धवलेरी, चौकात पालघट देवी. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूकडे गेले आणि जिव्या सोमा म्हसे यांचे काम जगापुढे आले. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. पण बायकांच्या हातातले चित्र बाजारात येताना पुरुषांच्या हाती कसे गेले, हा प्रश्न कलाशिक्षकाने वर्गात विचारला नाही तर त्रिकोणाला दोन काड्या जोडणे म्हणजे वारली, एवढेच पोरांच्या हाती लागते.

आता अडचणीचा भाग. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत-कारागिरांना शाळेत प्रशिक्षक म्हणून आणायची आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकायची तरतूद आहे. ऐकायला गोड आहे. पण दोरखंड वळणाऱ्या मातंगाच्या पोराला 'तुझी परंपरा दाखव' म्हणून दोर वळायला बसवले आणि पाटलाच्या पोराने त्याचा फोटो काढला, तर शाळेत बलुतेदारी परत आली असे आम्ही म्हणू. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले, की जात कामाबरोबर काम करणाऱ्यांनाही चढत्या कप्प्यांत बंद करते. वतन सोडा, मेलेली ढोरे ओढणे सोडा, हा आपल्या आजोबांचा लढा होता. कौशल्याचा गौरव करता करता पोराला पुन्हा त्याच कप्प्यात ढकलायचे नाही.

फासेपारध्यांच्या मुलांबाबत तर जास्तच जपावे लागते. शिरूर-दौंडमध्ये त्यांच्या वस्त्या आहेत. जमातीचे नावच फाशावरून पडलेले. त्या गाठींत भूमिती आहे, नजर आहे, जनावराच्या चालीचा अभ्यास आहे. पण १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय केली, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि शिक्का लोकांच्या डोळ्यांत राहिला. वर्गात कुणी हौसेने 'फास काढून दाखव' म्हटले तर पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही. त्याच पोराला सगळ्या वर्गाबरोबर गाठींचे संकल्पचित्र दिले आणि नाव न घेता त्याच्या हाताला वाव दिला तर तो पाच मिनिटांत सगळ्यांच्या पुढे असतो. हा फरक ओळखणे म्हणजेच प्रशिक्षण, आणि ते ठोकळाचित्राच्या सरावातून येत नाही.

ऑस्ट्रेलियात १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा चित्रकला शिक्षक पापुन्या या आदिवासी वस्तीतल्या शाळेत होता. तिथल्या जाणत्या पुरुषांनी त्याच्या प्रोत्साहनाने शाळेच्या भिंतीवर आपले मधमुंगीचे चित्र काढले. त्यातून जगभर गाजलेली चळवळ उभी राहिली. ती भिंत मात्र काही वर्षांत प्रशासनाने रंग फासून पुसली. शिक्षक चांगला असून भागत नाही, भिंत कुणाच्या ताब्यात आहे तेही पाहावे लागते.

आपल्याकडे भिंतीचा प्रश्न पगाराच्या रूपाने येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तिथे कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक दिला. अंशकालीन! आमच्या ओळखीतली ए.टी.डी. झालेली मुले-मुली तासावर मिळणाऱ्या मानधनात घर चालवताना उरलेला वेळ फ्लेक्स रंगवतात, जयंतीचे देखावे करतात. त्यांना आदिवासी-दलित दृष्टीचे प्रशिक्षण घ्या म्हणण्याआधी पूर्णवेळ पद मागावे लागेल. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात घाला, वेगळ्या केल्या तर दुसरी कायम मागे राहते.

अभ्यासक्रमात काय हवे, ते आम्ही ए.टी.डी.च्या विद्यार्थ्यांशी बोलून ठरवत आहोत. सरावपाठांपैकी काही पाठ तालुक्यातल्या साधनांवर असावेत. कुंभार मावशी किंवा टोपल्या विणणारे काका वर्गात आले तर त्यांना शिक्षकाइतकेच मानधन द्यावे आणि फळ्यावर त्यांचे पूर्ण नाव लिहावे. कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा धंदा नेमून देऊ नये, सगळ्यांनी सगळे करावे. स्मरणचित्राला गणपतीच्या मिरवणुकीबरोबर चौदा एप्रिलची मिरवणूकही विषय म्हणून यावी. कलेच्या इतिहासात सवी सावरकरांसारख्या चित्रकाराचे काम दाखवावे, अस्पृश्यता आणि देवदासी हे रंगांचे विषय होऊ शकतात हे पोरांना कळेल.

पावसाळा सरला की आम्ही शिरूर-दौंडच्या काही कलाशिक्षकांना आणि ए.टी.डी.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आधी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आणि मग घोडकाठी इनामगावला जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी कळवावे. येताना कोळसा, गेरू आणि जुन्या वह्यांची कोरी पाने सोबत आणा.