बारा गजांची तोफ आणि मापाचा निवाडा

कलबुर्गीच्या, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील ‘बारा गजी’ तोफ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिची लांबी २९ फूट सांगतात. शाळेत शिकलेल्या तीन फुटी गजाने ती छत्तीस भरावयास हवी. मग नाव खोटे की फूटपट्टी? माझ्या मते दोन्ही खरी असावीत. गज एकच नव्हता. अकबराचा इलाही गज सुमारे ३३ इंचांचा मानतात, सिकंदर लोदीचा सुमारे ३० इंचांचा. २९ फुटांचे बारा भाग केले तर प्रत्येक भाग २९ इंचांचा येतो. दख्खनेत तेवढा गज चालत असणे अशक्य नाही.

लांबीपेक्षा अवघड प्रश्न पोकळीचा. अशा मोठ्या लोखंडी तोफा पट्ट्या जोडून, त्यांवर तापविलेली कडी चढवून घडवीत. आतली नळी बुडापर्यंत एकसारखी उतरली की नाही, हे लोहाराने पाहावे कशाने? गोळा सैल झाला तर दारूचा जोर बाजूने निसटे; अडकला तर नळी फुटून गोलंदाजच प्राणास मुकण्याची भीती. फ्रान्समध्ये ग्रिबोव्हालने १७६५ पासून तोफखान्यात सुधारणा केल्या. त्यांत गोळे दोन कड्यांनी पारखीत: मोठीतून गोळा गेलाच पाहिजे, लहानीतून जाता कामा नये. इंग्लंडात विल्किन्सनने १७७४ मध्ये भरीव तोफ कोरण्याचे पेटंट घेतले. पुढे वॉटच्या इंजिनाचे सिलिंडरही त्यानेच कोरून दिले.

आपल्याकडे मापांचा घोळ उशिरा मिटला. १९५६ साली बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. त्याच वर्षी दशमान वजनमापांचा कायदा झाला, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारागिरांना एकच मिलिमीटर मिळाला.

आज यंत्रावर कातलेल्या भागाची तपासणी त्रिमितीय स्कॅनर करतो. तो भागावर लेसरची रेघ किंवा प्रकाशाचे पट्टे पाडतो. त्यांची वळणे कॅमेरा टिपतो आणि त्रिकोणमितीने लाखो बिंदूंची आकृती उभी राहते. ती संगणकातील मूळ आराखड्यावर ठेवली, की धातू कोठे जास्त राहिला, कोठे कमी झाला, हे रंगांवरून कळते. मात्र चकचकीत धातूवर आधी पांढरी भुकटी फवारावी लागते, आणि अरुंद, खोल भोकात प्रकाश पुरेसा पोहोचत नाही. तेथे अजूनही गेजच घालतात.

बारा गजी तोफेचे असे चित्र बाहेरून सहज घेता येईल. पण ती चुकली की बरोबर उतरली, हे त्यावरून ठरणार नाही. जिच्याशी ताडून पाहावे अशी मूळ आकृतीच तिच्या मागे नाही.