अंगणातली कोंबडी

बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आतकूरची म्हणून ओळखली जाणारी एक शिळा आहे. ती इसवी सन ९४९-५० च्या सुमाराची. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा साहाय्यक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या रणात चोळांचा पराभव केला, ही इतिहासप्रसिद्ध हकीकत तिच्यावर कोरलेली आहे. परंतु ती शिळा उभारली गेली ती या विजयासाठी नव्हे. बूतुगाच्या मनलेर नावाच्या सेवकाने पराक्रम गाजविला, धनी प्रसन्न झाला, आणि ‘माग’ म्हणताच मनलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. पुढे एका प्रचंड रानडुकरावर हे कुत्रे सोडण्यात आले. दोघेही झुंजत मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ ही शिळा, तिच्यावर झुंजीचे चित्र, आणि तिच्या नित्य पूजेसाठी जमिनीचे दान!

बैलाची योग्यता तर याहून मोठी. बंगळूरच्या बसवनगुडीत पहिल्या केंपेगौडाने सोळाव्या शतकात बांधविलेले नंदीचे देऊळ आहे. एक बैल भुईमुगाची शेते फस्त करीत असे, म्हणून शेतकऱ्यांनी देऊळ बांधून त्याला शांत केले आणि नव्या पिकाच्या शेंगा त्याला वाहण्याचा नेम केला, अशी आख्यायिका आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तेथे भरणारी शेंगांची जत्रा, जिला कन्नडमध्ये ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात, अजूनही भरते. म्हैसूरच्या राजांनी जोपासलेल्या आणि हैदर व टिपू यांच्या फौजांच्या तोफा ओढणाऱ्या अमृतमहाल बैलांसाठी तर सरकारी खाते होते, राखीव कुरणे होती आणि बारकाईने ठेवलेल्या नोंदी होत्या.

शेतावरच्या या कुटुंबातली कोंबडी मात्र इतिहासाच्या दप्तरात सापडत नाही. कोंबडा सापडतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने कल्याणीस, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणास राहून ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. प्राचीन मराठीच्या काही ओळी त्यात आल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना सोमेश्वराने कोंबड्यांच्या झुंजींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पण तो झुंजार नर झाला. अंडी घालणारी, उकिरडा उकरणारी, पिलांना पंखांखाली घेऊन बसणारी कोंबडी राजाला दिसण्याचे कारण नव्हते. तिच्यावर सारा नव्हता, आणि जिच्यावर सारा नाही तिची नोंद दप्तरात कोण करणार?

ती होती शेतकऱ्याच्या बायकोच्या ताब्यात. कन्नड मुलुखात तिला ‘नाटी कोळी’ म्हणतात. नाटी म्हणजे गावठी. बंगळूरच्या आसपासच्या रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या शेतांवर काय आणि आपल्याकडच्या ज्वारीच्या वा भाताच्या शिवारात काय, तिचा संसार एकाच तऱ्हेचा. रात्री खुराड्यात किंवा डाल्याखाली, दिवसभर मोकळी. खळ्यावर सांडलेला दाणा, भाकरीचा चुरा, शेणाच्या ढिगातल्या अळ्या, गोठ्यातल्या गोचिड्या हे तिचे खाद्य. तिच्यासाठी पदरचा पैसा घालावा लागत नसे, आणि म्हणूनच तिचे उत्पन्न कोणी मोजत नसे. दहापंधरा अंडी झाली की ती खुडूक होई. मग तिला अंड्यांवर बसवायचे. एकवीस दिवसांनी पिले बाहेर पडत. घार, मुंगूस, मांजर यांच्या तावडीतून जी वाचतील ती आपली. ज्या घरी कोंबडी नसेल त्या घरी शेजारीण अर्धेलीने कोंबडी देई आणि पिले वाटून घेई. मुलाची पाटी, लेकीच्या बांगड्या, दुखणेकऱ्याला औषध, अवचित आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार, यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागू नये एवढी सोय या व्यवहारात होती. गाय-बैल घरधन्याचे, कोंबडी घरधनिणीची, ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. पण ती मोडण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नसे.

या सुखवस्तू चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एखाद्या वर्षी गावात मानमोडी शिरे. कोंबड्या हिरवट हागत, माना वाकड्या होत आणि चारआठ दिवसांत गावातली खुराडी ओस पडत. १९२७-२८ च्या सुमारास या रोगाचे शास्त्रीय वर्णन हिंदुस्थानात प्रथम कुमाऊँतील राणीखेत येथे झाले, म्हणून आपल्याकडे तो ‘राणीखेत’ या नावाने ओळखला जातो. इंग्लंडात तोच न्यूकॅसल गावावरून ओळखला गेला. त्यावरची लस १९४० नंतरच्या दशकात भारतीय पशुवैद्यकांनी सिद्ध केली. तोपर्यंत शेतकरीण पाचदहाच कोंबड्या का पाळीत असे, याचे उत्तर तिच्या आळसात शोधण्याचे कारण नाही. जे एका आठवड्यात नाहीसे होऊ शकते त्यात कोणी शहाणा माणूस फार गुंतवीत नाही.

बंगळुरात १८०९ साली इंग्रजांची छावणी वसली आणि अंडी, कोंबड्या, लोणी यांना रोजचे गिऱ्हाईक मिळाले. सरकारचे लक्ष मात्र आधी दुधाकडे गेले. १९२३ मध्ये येथे पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची मोठी सरकारी संस्था स्थापन झाली. १९२७ साली महात्मा गांधी आजारातून उठून विश्रांतीसाठी बंगळुरास राहिले असता त्यांनी या संस्थेत गोपालनाचे धडे घेतले आणि तेथील अभिप्रायवहीत ‘साबरमतीचा शेतकरी’ अशी स्वतःची ओळख नोंदविली. १९५५ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे कर्नालला हलले. बंगळुरात तिची शाखा राहिली.

कोंबडीची पाळी आली ती स्वातंत्र्यानंतर. बंगळूरच्या वायव्येस हेसरघट्टा नावाचे गाव आहे. १८९४ साली तेथे बांधलेल्या तलावाने शहराला पहिल्यांदा नळाचे पाणी दिले. त्याच माळावर पुढे केंद्र सरकारचे कुक्कुटपालन केंद्र उभे राहिले. परदेशी जातींचे संगोपन, निवड, पिलांचे वाटप आणि शेतकऱ्यांचे शिक्षण असे त्याचे काम. मुख्य भिस्त होती मूळच्या इटलीतील, पण अमेरिकेत वाढीस लागलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीवर. नाटी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ लहान अंडी देई. सुधारलेली लेगहॉर्न पिंजऱ्यात, मोजून दिलेल्या खाद्यावर, पुढेपुढे तीनशेपर्यंत जाऊन पोहोचली.

हा पाचपट फरक कशाने पडला हे समजून घेण्यासारखे आहे. चांगले खाद्य आणि लस ही कारणे झालीच. पण मोठे कारण कोंबडीच्या स्वभावात आहे. खुडूक झालेली कोंबडी अंडी देणे थांबविते. तीन आठवडे ती अंड्यांवर बसते, त्यानंतर काही आठवडे पिलांमागे हिंडते. हा सगळा काळ हिशेबनिसाच्या दृष्टीने फुकट. म्हणून पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या ज्या कोंबड्या खुडूक होत नाहीत त्याच निवडल्या. शेवटी अशी कोंबडी तयार झाली, की जी अंडे घालते आणि त्याकडे वळूनही पाहत नाही. उबविण्याचे काम यंत्राकडे गेले. देशाला स्वस्त अंडे मिळाले, आणि ज्या घरात प्रथिनांची वानवा होती तेथेही ते पोहोचले. हा लाभ लहान नव्हे, आणि जुन्या खुराड्याच्या प्रेमापोटी तो नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण याबरोबरच व्यवसायाचे मालकही बदलले. शेड, पिंजरे, खाद्य यांना भांडवल लागते आणि कर्जाच्या कागदावर बहुधा पुरुषाची सही असते. अंगणातल्या कोंबडीचा पैसा कनवटीला लावणारी बाई या हिशेबात कुठेच नव्हती.

याची जाणीव ज्यांना झाली त्यांत हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय होते. हेब्बाळ हे बंगळूरच्या उत्तरेचे जुने गाव. म्हैसूर संस्थानचे शेतीप्रयोगाचे क्षेत्र १८९९ पासून तेथे होते. १९५८ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात ते सामील झाले. तेथील कुक्कुटशास्त्र विभागाने १९८९ साली ‘गिरिराजा’ नावाची कोंबडी शेतकऱ्यांना दिली. रंगीबेरंगी पिसांची, उकिरड्यावर पोट भरू शकणारी, अंगाने भरदार, आणि वर्षाकाठी एकशेतीस ते दीडशे अंडी देणारी ही जात मुद्दाम अंगणासाठी घडविलेली. पांढऱ्या कोंबडीवर घारीची नजर लगेच पडते, हे शेतकरणीला ठाऊक होतेच. शास्त्रज्ञांनी तिचे म्हणणे मान्य केले असे म्हणावे लागेल. ‘गिरिराजा’ला राणीखेतची लस मात्र टोचावीच लागते. शिवाय वजनामुळे तिला चपळाईने निसटता येत नाही, ही अडचण अनुभवास आली, म्हणून २००५ मध्ये ‘स्वर्णधारा’ ही थोडी हलकी आणि अंडी अधिक देणारी जात तयार झाली.

पिंजऱ्यातल्या गर्दीचा धोका काय असतो तेही याच मधल्या काळात कळून आले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्ल्यू आढळला आणि आसपासच्या सर्व कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पथके मोठ्या शेडमध्ये गेली, तशीच झोपड्यांच्या दारातही गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये तोच रोग हेसरघट्ट्याच्या सरकारी केंद्रात निघाला. वर्षानुवर्षे निवडून जमविलेले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. एके ठिकाणी साठविलेले धन एके दिवशी जाते; गावोगावच्या खुराड्यांत विखुरलेले सहसा सगळे एकदम जात नाही. ज्या शास्त्रज्ञांनी ती पैदास उभी केली होती, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल याची कल्पना कोणत्याही शेतकऱ्याला करता येईल.

आता हेब्बाळ शहराच्या पोटात गेले आहे. हेसरघट्ट्याच्या वाटेवर घरांच्या रांगा लागल्या आहेत. रागीच्या शेतांची जागा जिने घेतली त्याच शहरातले लोक नाटी कोंबडीचा रस्सा आणि रागी मुद्दे खाण्यासाठी वाट वाकडी करून जातात, आणि नाटी अंड्याला साध्या अंड्याहून जास्त दाम मोजतात. हा दाम शेतावरच्या बाईपर्यंत कितपत पोहोचतो हा निराळा प्रश्न आहे.

‘गिरिराजा’च्या बाबतीत एक गोष्ट शास्त्रज्ञांना पुरती साधलेली नाही. अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत खुडूक होण्याचा गुण तिच्यातूनही ओसरला. तिची पिले दरवेळी पैदास केंद्रातून आणावी लागतात, आणि ती वेळेवर मिळतातच असे नाही. म्हणून जाणती शेतकरीण सुधारलेल्या कोंबड्यांच्या कळपात एखादी तरी नाटी कोंबडी राखून ठेवते. ती खुडूक झाली की टोपलीत भाताचा पेंढा घालून तिच्याखाली गिरिराजाची अंडी मांडते, आणि एकविसाव्या दिवसापर्यंत त्या कोपऱ्याकडे कुत्र्याला फिरकू देत नाही.