निर्धूर चुलींचं काय झालं?

चुलीच्या धुरावर सरकारी उपाय २०१६ च्या उज्ज्वलापासून सुरू झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मंडळी, केंद्राने १९८३ मध्येच निर्धूर चुलींचा कार्यक्रम काढला होता. अनुदान होतं, म्हणून देशभर तीन कोटींवर चुली बसल्या. कागदावर तरी. धुराडं काजळीनं तुंबलं तर साफ कोण करणार, फुटलं तर नवं कुठं मिळणार, याची सोय बहुतेक गावांत नव्हती. २००२ मध्ये केंद्राने हात काढून घेतला.

बातमीसाठी फिरताना मला आजही तीन दगडांची चूल दिसते. पऱ्हाट्यांचा धूर, फुंकणी, आईला चिकटून खोकणारं लेकरू. कोपऱ्यात गॅसची टाकी, रिकामी. तेव्हा चुली मोजल्या, आता कनेक्शनं मोजतात. पुरवठा विभागात मी एकच विचारतो: साहेब, वर्षात टाक्या किती भरल्या?