लाकडी बैल आणि हॅलोविन

नगरला भाचीच्या प्लेग्रुपमधल्या हॅलोविन पार्टीचं प्लॅनिंग माझ्याकडे आलंय. अट एकच, कुणी घाबरून रडायचं नाही.

मंडळी, हे कोडं नागपूरकरांनी कधीच सोडवलंय! खरा बैल, त्याची शिंगं, तीन वर्षांचं पोर कसं आवरणार? म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. नटलेली पोरं चाकांचा लाकडी बैल ओढत घरोघर जातात, बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवतात. रोगराई पळवणारी अक्राळविक्राळ मारबतही त्याच दिवशी निघते. पिवळी तर 1885 पासून. पण पोरांच्या हातात दोरी असते, त्यांच्या मापाच्या बैलाची.

तर आमच्या पार्टीत लाकडी बैल, कागदी झुली, दारोदार खाऊ. भोपळाही असेल, पण हसरा!