पाच खुर्च्यांचा हिशेब

बुद्धिबळात मनगटाची ताकद लागत नाही, मग स्त्रियांचा गट वेगळा कशासाठी? दर दोन वर्षांनी बुद्धिबळ ऑलिम्पियाड भरले की हा प्रश्न पुन्हा विचारला जातो. विचारणारे बहुधा स्त्रियांचे हितचिंतकच असतात. समतेच्या नावाने ते महिला गट बरखास्त करायला सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही ते पटकन पटते. मला ते मत चुकीचे वाटते. ज्या खेळाडूंसाठी ते मांडले जाते त्यांचेच त्यात सर्वांत मोठे नुकसान आहे, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नसतो, म्हणून तो पूर्ण बळानिशी मांडतो. हा खेळ बुद्धीचा आहे आणि बुद्धीला लिंग नाही. वेगळा गट ठेवणे म्हणजे स्त्रिया कमी पडतात हे नियमातच लिहून ठेवणे. वेगळ्या गटात स्पर्धा सौम्य असते, पदके त्यामानाने सहज मिळतात आणि सौम्य स्पर्धेची सवय झालेला खेळाडू वर चढत नाही. पुरावा म्हणून हंगेरीच्या जुदित पोल्गारचे नाव पुढे केले जाते. महिलांच्या स्पर्धांपासून दूर राहिली म्हणून ती जगात आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली, २७३५ रेटिंगपर्यंत गेली. महिलांच्या वेगळ्या किताबांना तिचा स्वतःचाही विरोध आहे. शेवटी पर्याय सुचवला जातो: दोन गट मोडा, एकच मिश्र संघ करा आणि त्यात एका स्त्रीची जागा सक्तीची ठेवा. हा युक्तिवाद सुसंगत आहे. त्यामागची कळकळही खरी आहे.

आता उत्तरपक्ष. ऑलिम्पियाडमध्ये पुरुष गट नावाचा गटच नाही. एक खुला गट आहे आणि एक महिला गट आहे. आपली वर्तमानपत्रे ‘पुरुष संघ’ असे छापतात, पण खुल्या गटात स्त्रीने खेळू नये असा नियम कुठेही नाही. जुदित याच गटात हंगेरीकडून वर्षानुवर्षे खेळली. २००२ मध्ये ब्लेड येथे आणि २०१४ मध्ये ट्रॉम्सो येथे हंगेरीने खुल्या गटात रौप्यपदक मिळवले तेव्हा ती त्या संघात होती. म्हणजे महिला गट असल्यामुळे कुणाची वाट अडलेली नाही. तो रद्द केल्याने कोणते दार उघडणार आहे? जे उघडेच आहे, ते.

दार नेहमीच उघडे होते, असा मात्र माझा दावा नाही. एके काळी वेगळ्या गटाचा वापर कुंपणासारखा झाला आणि आक्षेपकांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. जुदितची बहीण सुसान पोल्गारने केवळ महिलांच्या स्पर्धांत खेळायला नकार दिला तेव्हा तिला स्वतःच्या देशाच्या संघटनेशी झगडावे लागले. आपल्याकडचे उदाहरण त्याहूनही जुने आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिच्या सहभागाला विरोध झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. मराठी घरातल्या एका शाळकरी मुलीमुळे जगाच्या बुद्धिबळाचा नियम स्पष्ट झाला. ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही, याची मला खंत आहे.

पण त्याच रोहिणीने पुढे काय केले? १९७८ च्या ब्युनोस आयर्सपासून १९८६ च्या दुबईपर्यंत ती भारताच्या महिला संघातून ऑलिम्पियाड खेळत राहिली. पुरुषांशी खेळण्याचा हक्क तिने मिळवला आणि महिला संघातली जागाही सोडली नाही. तिला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. मग आपल्याला का दिसावा? कुंपणावर उपाय फाटक उघडण्याचा असतो आणि तो उपाय झाला आहे. आतले शेत नांगरून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जुदितच्या उदाहरणाकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण पूर्वपक्षाचा सगळा भार त्यावर आहे. १९८८ चे ऑलिम्पियाड सलोनिकी येथे झाले. हंगेरीच्या महिला संघात सुसान, जुदित आणि सोफिया या तिघी बहिणी आणि चौथी इल्दिको मादल. त्याआधी सोव्हिएत संघ ज्या ज्या महिला ऑलिम्पियाडमध्ये उतरला होता, त्यातले प्रत्येक त्याने जिंकले होते. या चौघींनी ती मालिका तोडली. बारा वर्षांच्या जुदितने १३ डावांत साडेबारा गुण मिळवले. पाठोपाठ जानेवारी १९८९ च्या यादीत तिचे रेटिंग २५५५ झाले आणि ती जगातली पहिल्या क्रमांकाची महिला खेळाडू ठरली. १९९० मध्ये नोवी साद येथे हंगेरीने पुन्हा सुवर्णपदक मिळवले, तेव्हाही ती संघात होती. त्यानंतर १९९१ मध्ये बॉबी फिशरचा विक्रम मोडून ती ग्रँडमास्टर झाली आणि पुढे खुल्या संघात गेली. महिला गटाने तिला अडवले, असे या घटनाक्रमात कुठे दिसते? तिच्या दोन्ही ऑलिम्पियाड सुवर्णपदकांवर महिला संघाचीच मोहोर आहे. महिला गटात अडकून न राहण्याचा तिचा निर्णय अचूक होता. पण तो गट अस्तित्वातच नसावा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

चीनच्या हू यिफानचेही तसेच. स्पर्धापद्धतीवर नाराज होऊन २०१६ मध्ये तिने महिला जगज्जेतेपदाच्या चक्रातून माघार घेतली. त्याच वर्षी बाकूच्या ऑलिम्पियाडमध्ये ती चीनच्या महिला संघातून खेळली आणि सुवर्ण घेऊन परतली. कोणत्या स्पर्धेचा आपल्याला काय उपयोग आहे, हे या खेळाडूंना आपल्यापेक्षा जास्त कळते.

आता दर्जा. फरक आहे आणि तो लपवण्याची गरज नाही. महिला गटातल्या अव्वल संघाचे सरासरी रेटिंग आज २५०० च्या आत असते, खुल्या गटातला अव्वल संघ २७०० च्या पलीकडे असतो. पण दर्जा हीच प्रवेशाची अट मानायची तर ती सर्वांना सारखी लावा. खुल्या गटात १८० हून अधिक संघ उतरतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त संघांचे सरासरी रेटिंग भारताच्या महिला संघापेक्षा कमी असते. त्या देशांनी येऊ नये, असे कुणी म्हटलेले मला आठवत नाही. उलट बेटांवरच्या छोट्या देशाचा हौशी खेळाडू ग्रँडमास्टरसमोर बसला की आपण टाळ्या वाजवतो आणि ते योग्यच आहे. ऑलिम्पियाड हा जगातल्या सर्वांत बलवान पाच जणांचा शोध नाही. देशादेशांत खेळ किती रुजला, याची ती परीक्षा आहे. मग कमी रेटिंगचे माप एकट्या स्त्रियांनाच का लावायचे?

हा फरक येतो कुठून, याबद्दल एक शास्त्रीय पुरावाही आहे. २००९ मध्ये मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या रेटिंगप्राप्त खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे दर १६ पुरुषांमागे एक स्त्री खेळत होती. पहिल्या शंभर पुरुषांची आणि पहिल्या शंभर स्त्रियांची तुलना केली, तर त्यांच्यातल्या अंतराचा ९६ टक्के भाग केवळ या संख्येच्या तफावतीने समजावता येतो, असे त्यांना आढळले. मोठ्या समूहातली टोके लहान समूहाच्या टोकांपेक्षा उंच असणारच, हे साधे संख्याशास्त्र आहे. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतला गेला आणि दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर हा वाटा कमी भरला, हेही सांगितले पाहिजे. तरी संख्या हे एक मोठे कारण आहे, एवढे दोन्ही मोजमापांतून उरते. आणि कारण संख्येत असेल, तर पटावर बसणाऱ्या मुली वाढवणे हाच उपाय ठरतो. महिला ऑलिम्पियाड नेमके ते काम करते की नाही, एवढेच मग तपासायचे राहते.

तपासू. पहिले अधिकृत ऑलिम्पियाड लंडनला १९२७ मध्ये झाले. महिलांचे पहिले ऑलिम्पियाड नेदरलँड्समधल्या एमेन गावी व्हायला १९५७ साल उजाडले. तिथे २१ संघ आले आणि लढत फक्त दोन पटांची होती. आदल्या वर्षी मॉस्कोच्या ऑलिम्पियाडला ३४ संघ होते. २०२२ मध्ये मामल्लपुरमला खुल्या गटात १८८ संघ उतरले आणि महिला गटात १६२. खुला गट साडेपाच पटींनी वाढला, महिला गट जवळजवळ आठ पटींनी. पटही दोनाचे तीन झाले, २००८ मध्ये ड्रेस्डेनला चार झाले. आज महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येक देशाला चार खेळाडू आणि एक राखीव, अशा पाच खुर्च्या भराव्या लागतात. पाच खुर्च्या भरायच्या म्हणजे निवड स्पर्धा घ्यावी लागते, प्रशिक्षक नेमावा लागतो, शिबिर भरवावे लागते, प्रवासाचा खर्च काढावा लागतो. ज्या संघटनेला मुलींच्या खेळात काडीचा रस नाही, तिलाही एवढे करावेच लागते. मुली कितीही गुणी असल्या तरी संघटना आपण होऊन हे करीत नाहीत. महिला गट त्यांना ते करायला भाग पाडतो.

भारतापुरता प्रयोग मनातल्या मनात करून पाहा. सप्टेंबर २०२४, बुडापेस्ट. भारताच्या खुल्या संघात गुकेश, अर्जुन एरिगैसी, प्रज्ञानंद, नाशिकचा विदित गुजराथी आणि हरिकृष्ण. केवळ रेटिंगवर निवड केली तर भारताच्या पहिल्या पाचांत एकही स्त्री येत नाही; त्या वर्षी येत नव्हती. म्हणजे महिला गट नसता तर हरिका, वैशाली, दिव्या देशमुख, वंतिका अगरवाल आणि तानिया सचदेव या पाचही जणी घरी राहिल्या असत्या. प्रत्यक्षात काय झाले? पुण्याचे अभिजित कुंटे कर्णधार असलेल्या या संघाने आठव्या फेरीत पोलंडकडून हार पत्करली, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी केली. हातचे सुवर्ण निसटते की काय, अशी वेळ आली. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन डाव बरोबरीत सुटले आणि एकटी दिव्या जिंकली. लढत अडीच-दीडने भारताची झाली. शेवटच्या फेरीत अझरबैजानला साडेतीन-अर्ध्याने हरवून भारताने महिला गटातले पहिले सुवर्ण मिळवले. नागपूरच्या अठरा वर्षांच्या दिव्याला तिसऱ्या पटावर ११ डावांत साडेनऊ गुण आणि वैयक्तिक सुवर्ण मिळाले. दोनच वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, यजमान भारताच्या दुसऱ्या महिला संघात तिला जागा मिळाली होती. बुडापेस्टनंतर दहा महिन्यांनी बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. या प्रवासातल्या ऑलिम्पियाडच्या खुर्च्या काढून घ्या. देशाचे गुण आपल्या डावावर टांगलेले असताना पाचव्या तासाला अचूक खेळायचे कसे, हे ती कुठे शिकली असती? घरच्या संगणकासमोर ते शिकता येत नाही.

मिश्र संघाचा पर्याय ऐकायला गोड आहे. इंग्लंडच्या आणि फ्रान्सच्या क्लब लीगमध्ये संघात एक स्त्री असण्याची अट आहे आणि क्लबांच्या स्पर्धेत ती चांगली चालते, कारण त्या स्पर्धांशेजारी महिलांच्या स्पर्धाही चालू राहतात. ऑलिम्पियाडमध्ये महिला गट मोडून ती अट आणली तर पाच खुर्च्यांची एक होते. मामल्लपुरमचे १६२ संघ घ्या. आठशेच्या आसपास खेळाडूंपैकी साडेसहाशेंना घरी पाठवायचे आणि त्याला समता म्हणायचे? शिवाय उरलेली ती एकटी बहुधा शेवटच्या पटावर बसेल आणि तिच्यासमोर दुसऱ्या संघातली अशीच एकटी स्त्री असेल. जे वेगळेपण नको म्हणून गट मोडला, ते आणखी अरुंद होऊन परत येईल. पहिल्या पटाची जबाबदारी, फॉर्म नसतानाही संघासाठी डाव वाचवणे, धाकटीला जिंकण्यासाठी मोकळे सोडून आपण बरोबरी स्वीकारणे, हे सगळे संघातल्या पाचही खेळाडू स्त्रिया असताना स्त्रियांच्या वाट्याला येते. एका खुर्चीत ते मावणार नाही.

महिला संघ हा मुख्य संघाच्या मागून चालणारा दुय्यम संघ असतो, असेही गृहीत धरले जाते. इतिहास याच्या उलट आहे. चीनच्या महिलांनी १९९८ मध्ये एलिस्ताला ऑलिम्पियाड जिंकले आणि ते धरून ओळीने चार जिंकली. चीनच्या खुल्या संघाला पहिले सुवर्ण मिळाले २०१४ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. स्वतंत्र जॉर्जियाचा महिला संघ १९९२ मध्ये मनिलाला प्रथमच उतरला आणि पहिल्याच झटक्यात सुवर्ण घेऊन गेला. पुढची दोन ऑलिम्पियाडही त्याचीच. जॉर्जियाच्या खुल्या संघाला ते सुवर्ण आजवर मिळालेले नाही. ज्या देशाची बुद्धिबळातली ओळखच नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुरदानिद्झे यांनी घडवली, तिथे दुय्यम कोण? दोन्ही गटांतल्या एकत्रित कामगिरीसाठी दिल्या जाणाऱ्या चषकालाही नोनाचेच नाव आहे. २०२२ आणि २०२४ मध्ये तो भारताला मिळाला, महिला संघाच्या गुणांसकट.

आक्षेपकांच्या कळकळीला खरे लक्ष्य हवे असेल तर ते मामल्लपुरमच्याच आकड्यांत आहे. यजमानांचे जादा संघ वगळले तर खुल्या गटात १८६ देश होते, महिला गटात १६०. या २६ देशांच्या फरकामागे कोण आहे? खुला संघ पाठवायला ज्यांच्याकडे पैसे होते आणि महिला संघासाठी नव्हते, त्या संघटना. त्यांना जाब विचारा. महिला संघ पाठवल्याशिवाय खुल्या गटात प्रवेश नाही, असा नियम मागा. महिला गटाची बक्षिसे आणि मानधन वाढवायला सांगा. आणि ज्या मुलीचे रेटिंग खुल्या संघात बसण्याइतके होईल, तिला निवड समितीने महिला संघाची गरज सांगून अडवले, तर त्या दिवशी मी तुमच्या बाजूने लिहीन.